सर्व्हिसिंगचा दिवस

धायरीची जमीन विकून बजरंगने परदेशी गाडी आणली. तिच्यावर ओरखडा दिसला, तसं त्याने बायकोला, प्रेमलाला, पट्ट्याने फोडून काढलं. विकल्या रानाची नांगरट तिच्या पाठीवर उमटली.

पहाटे ती ट्रॅक्टरवाल्याची लेक विळा घेऊन गाडीखाली शिरली आणि ब्रेकची नळी कापून आली. न्याहारी करून बजरंग कात्रजचा घाट उतरणार होता.

त्याआधीच शोरूमचे सिराजभाई दारात आले. “वहिनी, किल्ली द्या. साहेबांनी वर्षाच्या सर्व्हिसिंगचे पैसे आधीच भरलेत, विसरले असतील. गाडी न्यायची-आणायची आम्हीच. चहा नको, रोजा आहे.”

त्यांनी गाडी सुरू केली, तशी प्रेमला अनवाणी धावली. “भाऊ, उतरा! ब्रेक कापलेत मी!”



मागे दारात दात घासणाऱ्या बजरंगचा हात थांबला.