निळी चादर

"मनगटाला काय झालं तुझ्या?" बाजूनं लॅपटॉपमध्ये डोकावलेल्या सासूबाईंनी दचकून विचारलं.

गौतमीनं भिंतीवर हिरवं कापड ताणून टाचण्या मारल्या होत्या, पिठाच्या डब्यावर टेबललॅम्प ठेवला होता. हिरवा रंग पुसून लॅपटॉप तिच्यामागे शाळेचा वर्ग दाखवत होता. पण त्याबरोबर हातातला हिरवा चुडाही पुसला गेला होता. बांगड्यांच्या जागी मागचा फळा दिसत होता, हात तोडल्यासारखा.

ऑनलाइन क्लासवाले आता कुठल्याही क्षणी तिचा नमुना तास बघणार होते. नोकरी त्यावरच ठरणार होती.

"तेवढ्यापुरत्या काढून ठेवते, आई."

"काही काढायचं नाही." आठवडा झाला, त्यांच्या लेकाचा, म्हणजे गौतमीच्या नवऱ्याचा, जहाजावरून फोन नव्हता. त्यावर दोघीही बोलत नव्हत्या. "दुसरा रंग नाही का पुसता येत?"

"निळा येतो. पण एवढं मोठं निळं कापड आत्ता कुठून आणू?"

सासूबाई आत गेल्या आणि लेकाची निळी चादर घेऊन आल्या. तो गेल्यापासून ती त्यांनी धुवायला टाकू दिली नव्हती, रोज उशाशी घेऊन झोपायच्या. गौतमी नको म्हणेपर्यंत त्यांनी हिरव्या कापडावर ती पसरून पहिली टाचणी मारलीसुद्धा.

गौतमीनं पुसायचा रंग बदलून निळा केला, तसा लॅपटॉपवर वर्ग पुन्हा उमटला. या वेळी हात अखंड होता, चुडा हिरवागार.

तेवढ्यात क्लासवाल्यांचा कॉल वाजू लागला. सासूबाई लॅपटॉपच्या कडेला सरकल्या.

"शिकवताना हात खाली नको घेऊस," त्या हळूच म्हणाल्या. "मला दिसत राहू दे."