खरा ऑलिंपस

“हा ऑलिंपस नव्हे!” अनंतरावांनी फ्लेक्सवर काठी रोखली. वॉचमन दचकला. इतक्या वर्षांत त्याने या माणसाचा चढा आवाज ऐकला नव्हता.

नाहूरच्या त्या सोसायटीच्या गेटवर सकाळीच फ्लेक्स लागला होता. ‘ऑलिंपस सर करणारा आपला हर्षद!’ संध्याकाळी सत्यनारायणाच्या पूजेनंतर त्याचा सत्कार होता, तोही अनंतरावांच्या हस्ते. सोसायटीत ऑलिंपस म्हटला की अनंतराव. वीस वर्षांपूर्वी दिवाळी अंकात आलेलं त्यांचं प्रवासवर्णन इथल्या पोरांना पाठ होतं. ग्रीसमधला तो उभा कडा, शेवटची हातापायांवरची चढण, माथ्यावरून चारही बाजूंना दिसणारा समुद्र. दर पूजेला पोरं त्यांना घेरून तेच ऐकायची.

आणि फ्लेक्सवरच्या या फोटोत हर्षदच्या पायाशी चक्क डांबरी रस्ता! मागे दूरवर समुद्र होता खरा, पण त्याच्यापुढे रडारचा पांढरा घुमट!

घरी येऊन अनंतरावांनी नकाशांची पुस्तकं उपसली. ऑलिंपस काय एकच आहे? तुर्कस्तानात आहे, अमेरिकेत आहेत, मंगळावरसुद्धा आहे. हा रडारवाला सायप्रस बेटावरचा. तिथे लोक मोटारीने जातात, नाश्ता करतात नि परत येतात.

त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. तरी स्वभावाप्रमाणे ते दोनदा जिन्यातून मागे फिरले. आपलंच चुकत असेल तर? तिसऱ्यांदा मात्र त्यांनी हर्षदच्या दाराची बेल दाबलीच.

“या काका!” हर्षदची आई, सुलक्षणा, हसून म्हणाली. “आज प्रमुख पाहुणे स्वतः आमच्या दारी?”

“पाहुणा म्हणून नाही आलो. तुझ्या मुलाला जाब विचारायचाय.”

हर्षद बाहेर आला. तो जहाजावर नोकरीला होता, नुकताच सुट्टीवर आला होता. काकांचा चेहरा पाहून त्याने आईला प्रसादाचं बघायला खाली धाडलं.

“गाडीने गेलास ना रे वर?”

“हो.”

“आणि ‘सर करणारा’? लाज नाही वाटत? नाव एक म्हणून डोंगर एक होतो? उद्या घाटकोपरच्या टेकडीला हिमालय म्हटलं, तर तिथेही झेंडा रोवशील! मी माइकवर सांगणार. सगळ्यांसमोर.”

“नका सांगू, काका.”

“का? घाबरलास?”

“हो. पण माझ्यासाठी नाही.”

त्याने मोबाइल पुढे केला. उघडा, काळा खडक. त्याला बिलगलेला हर्षद. तळहात सोललेले.

“हा ग्रीसचा. जहाज महिनाभर तिथे दुरुस्तीला होतं. तुमचा लेख खिशात घेऊन चढलो.”

अनंतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. “मग हा सोडून तो रस्त्याचा फोटो कशाला?”

“माथ्यावरून बघतो तर समुद्र एकाच बाजूला. बाकी सगळीकडे डोंगर. माझं डोकंच चालेना. पुढच्या खेपेला सायप्रसला उतरलो, तिथल्या ऑलिंपसवर गेलो, तर चहूकडे समुद्र! तुमचा डोंगर तो, काका.”

“माझा?”

“मग? ग्रीसचा फोटो लावला असता, तर पोरांनी विचारलं असतं ना, काकांचा समुद्र कुठाय? तुमची वाट लागली असती. म्हणून तो लावला.”

“पण चढण... मी लिहिलंय की...”

“ती थोडी वाढवली असेल. लेखक मंडळी वाढवतातच.” हर्षद हसला. “तुमचा काही दोष नाही हो. नाव एकच, गाइडने फसवलं असणार. उतरवलं सायप्रसला नि सांगितलं ग्रीस. खोटं वाटत असेल तर जुना पासपोर्ट काढून बघा. शिक्का सायप्रसचाच निघेल.”

अनंतरावांनी उभ्या आयुष्यात पासपोर्ट काढलाच नव्हता.