दारातून जे पहिलं येईल

“काय बोललास? पुन्हा सांग,” चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या कुलूपवाल्याने पुन्हा सांगितलं. पहाटे काविळीने पोरीची शुद्ध हरपली तेव्हा तो देवाला नवस बोलला होता. हिला डोळे उघडू दे, मग मी घरी पोचल्यावर आमच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते तुझं. आणि दुपारी पोरीने डोळे उघडले होते.

“बायबलात एका सेनापतीने हाच नवस केला होता. त्याच्या दारातून कोण आलं, आठवतं?”

“एकुलती एक लेक.” कुलूपवाला हसला. “पण आमच्याकडे हवालदार आहे ना! माझी चाहूल लागली की आधी तोच धावतो.”

हवालदार म्हणजे त्याचा म्हातारा कुत्रा.

“सेनापतीलाही असंच काहीतरी वाटलं असेल.”

कुलूपवाल्याचं हसू मावळलं.

“अरे, देवाने तुझ्याकडे बळी मागितला होता का? आपण त्याचं ऐकावं, एवढंच तो मागतो. तू मात्र गिऱ्हाइकाशी करतोस तशी घासाघीस केलीस. तीही दुसऱ्याच्या जिवावर.”

“मग शब्द मागे घेऊ? आणि तिचे डोळे पुन्हा मिटले तर?”

पाळकसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. कुलूपवाल्याच्या हातावर अजून कापूस चिकटलेला होता. सकाळी जवळच्या सगळ्यांचंच रक्त तपासायला घेतलं होतं.

“घरी जा. दोन घास खा,” ते म्हणाले.

बायको पोरीजवळ थांबली. घरी त्याची आई होती आणि धाकटा मुलगा, पिल्लू. चालता चालता त्याने आईला फोन लावला.

“आई, मी फाटकाशी आलो की हवालदाराला बाहेर सोड. तू येऊ नकोस. आणि पिल्लूला धरून ठेव.”

“कुत्रा सकाळपासून पलंगाखाली पडलाय रे. पाय सुजलाय त्याचा. का, काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. आता तो जवळजवळ धावतच सुटला.

फाटक करकरलं. आतून आवाज आला, “बाबा आले!”

दाराला वर दोन भक्कम कड्या होत्या, पण दिवसा त्या कोण लावतो? खाली, धाकट्याच्या हाताला येईल अशी तिसरी होती. पोराने हट्ट धरला म्हणून त्याने स्वतःच ती कौतुकाने बसवून दिली होती. ती आता खडखडत होती.

“थांब! उघडू नकोस!”

दार उघडलंच. पिल्लूचा पाय उंबऱ्यावर आला होता. कुलूपवाल्याने झेप घेऊन त्याला आत ढकललं, स्वतः आत शिरला आणि तिन्ही कड्या लावून दाराला पाठ टेकली. पोराने भोकाड पसरलं.

“वेड लागलं का तुला?” आई ओरडली.

तो पलंगाखाली वाकला. “चल रे हवालदार. चल बाबा, एकदाच.” कुत्र्याने त्याचा हात चाटला, पण जागचा हलला नाही. त्या ओल्या जिभेने त्याला लाजच वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

“अहो, असाल तसे या! तिचं यकृत साथ देत नाहीये. तुकडा द्यायला फक्त तुमचंच जुळतंय. डॉक्टर म्हणतात, तुमच्याही जिवाला धोका आहे, विचार करून…”

“आलोच.”

त्याने खाड खाड तिन्ही कड्या काढल्या. अंगण ओलांडून फाटकाला हात घातला, तेव्हा कुठे त्याला नवस आठवला. दचकून त्याने मागे पाहिलं.

आई दाराच्या आतच उभी होती. पिल्लू तिच्या कडेवर मुसमुसत होता. मागे पलंगाखालून हवालदाराचं शेपूट दिसत होतं.

उंबऱ्याबाहेर अजून कोणीच आलं नव्हतं. त्याच्याशिवाय.