ढोलाचं शून्य

"घ्या, शून्य," भिका पॅनेलवरून म्हणाला. "आन् पट्टा बघा कुठंय."

यंत्राच्या ढोलावर रंगवलेला लाल पट्टा वर होता. सकाळी शून्यालाच तो खाली होता.

"ब्रेक सोडू?" चेतनने विचारलं.

"सोडा ना साहेब. पन हात लांब ठेवा. रघुनाथदादा आता कुनाला वळखत नाही."

ब्रेक सुटला. मोटर बंद होती. तरी ढोल हलला. आधी सावकाश, मग एकदम. पट्टा खाली येऊन थांबला.

खडोलीच्या या सूत कारखान्यात सोळा दिवस ढोलाजवळ कोणी गेलं नव्हतं. पट्ट्याची बाजू जड. ती खाली असली की ढोल हलत नाही, आणि पॅनेलवर कोनाचं शून्य दिसतं. म्हणून पॅनेलवरच्याने शून्य पाहून हाक द्यायची. मग मागच्या फिटरने ब्रेक सोडून अडकलेलं सूत काढायचं. मागून ना आकडा दिसतो, ना पट्टा. तिथेच रघुनाथ फिटर गेला. अहवालात लिहिलं होतं, हाक येण्याआधीच हात घातला.

कावेरी त्याची मुलगी, इथल्याच मीटर विभागात. तेरावं उरकून कालच कामावर आली होती.

"आकड्यात खोट निघाली तर वडिलांवरची ती ओळ मी खोडतो," चेतन तिला म्हणाला. मॅनेजर म्हणून तो नवाच होता.

तिने ढोल चालू करायला सांगितला. मिनिटभर घड्याळ धरून पट्टा मोजला. साठ फेऱ्या. पॅनेलवर दोनशे चाळीस.

"चौपट," ती म्हणाली. "जुना सेन्सर एका फेरीत एकदाच शून्य दाखवायचा. गेल्या महिन्यात बसवलेल्यात चुंबकाच्या ध्रुवांच्या चार जोड्या आहेत. पॅनेल मात्र जुन्याच हिशेबाने वाचतंय. म्हणून वेग चौपट दिसतो, आणि शून्य एका फेरीत चारदा येतं. त्यातलं खरं एकच. कुणीही फसेल."

"म्हंजे दादा नाही फिरवत?"

"वजन फिरवतं, भिकाभाऊ."

भिकाने फडक्याने तोंड पुसलं. चेतन अहवाल चाळत होता.

"पण रघुनाथ इतकी वर्षं हाकेशिवाय हात घालत नव्हता म्हणतात. भिका, पॅनेल तुझ्याकडे होतं. हाक दिली नाही, असा तुझा जबाब आहे."

"नव्हतीच दिली मी."

"मग?"

"मी तवा चहाला गेलतो, साहेब." भिका ढोलाकडे बघत राहिला.

"पॅनेलवर मी होते," कावेरी म्हणाली. "शून्य दिसलं. मी म्हटलं, बाबा, घाला हात."