मामांच्या हातची प्लेट

मामांनी प्लेटमधलं पेशींचं गुलाबी खाद्य पिपेटनं ओढून घेतलं आणि त्याच्या जागी नुसतं शुद्ध पाणी सोडलं. माणसाला असं पाणी चालतं, पेशीला चालत नाही. ती ते पीत राहते, फुगते आणि फुटते. पंधरा मिनिटं पुरतात. मामा घड्याळाकडे बघत स्टुलावर बसून राहिले.

एकवीस वर्षं ज्यानं प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, त्या माणसाचं हे काम नव्हे. विद्यार्थी म्हणायचे, मामांनी भांड्यात खडा ठेवला तरी चार दिवसांत त्याचे दोन होतील. रविवार असो, अंगात ताप असो, मामा येऊन पेशींना खाऊ घालून जायचे. बायको म्हणायची, "इतकं आमच्याकडे बघितलं असतंत तर सोनं झालं असतं आमचं."

पण या प्लेटमधल्या पेशी आपल्या आपणच मरायला हव्या होत्या. कर्करोगाच्या पेशी त्या. त्यांतलं एक जनुक कापून काढलं होतं. त्या जनुकाशिवाय हा रोग जगूच शकत नाही, असं मॅडमचं म्हणणं. प्रयोगशाळा मॅडमची, जनुकही त्यांनीच शोधलेलं, आणि त्या जनुकाचं काम बंद पाडणारी गोळी आता रोग्यांना देऊन बघत होते. गेल्या हिवाळ्यापासून त्या रोग्यांत मॅडमही होत्या. बाकीची औषधं करून झाली होती. सगळी भिस्त त्या एका गोळीवर होती.

जनुक गेलं होतं, याची तपासणी मामांनी तीनदा केली. पेशींना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. आठव्या दिवशी त्या होत्या तशाच होत्या, दहाव्या दिवशी वाढल्या, बाराव्या दिवशी प्लेट काठोकाठ भरली. जनुक मुळासकट उपटूनही ज्यांचं काही बिघडलं नाही, त्यांचं गोळी काय वाकडं करणार? मामांकडे मोठी पदवी नव्हती, पण एवढं त्यांना कळत होतं. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आज चौदावा दिवस. मॅडम पाच दिवस इस्पितळात होत्या, त्या आज येणार होत्या.

वेळ भरल्यावर मामांनी पाणी काढलं, नवं खाद्य घातलं, झाकण लावलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. याचाच त्यांना स्वतःचा राग आला.

मॅडम आल्या त्या दाराची चौकट धरून थोडा वेळ उभ्याच राहिल्या. एका जिन्यानं त्यांना धाप लागली होती. डोक्याला रुमाल, कोट खांद्यांवरून उतरू बघणारा.

"काय म्हणतंय तुमचं गोकुळ, मामा?"

"तुम्हीच बघा," मामा म्हणाले आणि प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

मॅडमनी डोळे लावले. मग न बघताच त्यांचा हात बाजूला आला आणि त्यांनी मामांची बाही घट्ट धरली.

"मामा! गेल्या हो! सगळ्या गेल्या!"

"हो, मॅडम."

कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज असा निघाला नव्हता. मामांना वाटलं, झालं ते बरं झालं. खोटं तर खोटं. चार दिवस नीट झोपतील तरी.

मॅडमचा दुसरा हात सवयीनं सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर गेला. त्यांनी ते थोडं फिरवलं, मग आणखी थोडं. बाहीवरची पकड सैल झाली.

"शेजारची द्या."

शेजारच्या प्लेटमधल्या पेशींचं जनुक जागेवर होतं आणि त्या मजेत होत्या. मॅडमनी ती बघितली, परत पहिली लावली आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"जनुक गेल्यानं मरते ती पेशी आक्रसत जाते, मामा. एक आज, एक उद्या." त्या अगदी हळू बोलत होत्या. "या सगळ्या एकदम फुटल्यात. पाणी घातलंत?"

मॅडमनी आरडाओरडा केला असता, नोकरीवरून काढलं असतं, तर मामांना सोपं गेलं असतं.

"पुन्हा लावतो, मॅडम. चूक माझ्याच हातून झाली असेल. जनुक नीट गेलं नसेल."

"तीनदा तपासलंत ना?"

"तीनदा."

"मग गेलंय ते."

मॅडमनी रुमालाची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. बोटांना ती एका झटक्यात जमेना, मामांना मदत करावीशी वाटली आणि धीर झाला नाही.

"किती वाढल्या होत्या?"

मामांनी मान खाली घातली. "प्लेट भरली होती, मॅडम."

त्या बसल्या जागी टेबलाला रेलल्या. एवढ्याशा बाई, आता आणखीनच लहान दिसायला लागल्या.

"या गोळीवर आणखी दोनशे माणसं आहेत, मामा," मॅडम म्हणाल्या आणि प्रयोगाची वही त्यांच्यापुढे सरकवली. "प्लेट भरली होती हे तुम्हीच लिहा, माझ्यानं लिहवणार नाही. आणि तारीख आजची घालू नका, परवाची घाला. परवा जिवंत होत्या."