आजारी पोपट

लाल पेन्सिल 'शेवाळी चारशे सात'वर येऊन अडली.

"अहो, मारा की काट!" साहेब मागून म्हणाले. "सुटू दे त्या आजारी पोपटाला."

रंगाच्या कंपनीत शेडकार्ड सांभाळणाऱ्या कारकुनाचं कामच ते. वर्षाला शंभर डबे न खपणारी छटा कार्डावरून उडायची, तिची रंगपूड येणंही बंद व्हायचं. चारशे सातला सगळं ऑफिस आजारी पोपट म्हणायचं.

"एवढं वर्ष जाऊ द्या, साहेब. पुढच्या वर्षी मीच काट मारतो."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि पोपट वाचला.

संध्याकाळी कारकून घरी आला, तेव्हा आई चारशे सातनं रंगवलेल्या दाराच्या पायरीवर बसली होती. "या, पेंटर!" ती म्हणाली. मुलगा, सून, स्वतःचं नाव, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. एवढंच उरलं होतं: या हिरव्या दाराचं घर आपलं. रोज सकाळी ती एकटी कोपऱ्यापर्यंत जायची आणि दार बघून बिनचूक परतायची. सोबत कुणी निघालं की काठी उगारायची. एकदा मुलानं दार विटकरी केलं, तर माउली दिवसभर स्वतःच्याच घरासमोरून येरझारा घालत राहिली.

उन्हानं दाराचा रंग वर्षात उडायचा, आणि साठवावा तर डब्यात त्याचा दगड व्हायचा. कार्डावर पोपट जिवंत राहणं, एवढाच उपाय होता.

मग कारकून स्वतःच डबे घेत सुटला. तीस दुकानांतून. कुठे टोपी घालून, कुठे काळा चष्मा लावून, एका ठिकाणी तर लंगडत.

"अहो, पलंगाखाली डबे, डब्यांवर पलंग," बायको म्हणाली. "झोपायला आता शिडी आणू का?"

"आण. पण आईसमोर दुसरा रंग नको."

वर्ष संपताना साहेबांनी बोलावलं. शेजारी बाजाराचा कल ओळखणाऱ्या बाई बसल्या होत्या, हातात आलेख.

"चारशे सात कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

कारकुनानं खिशातला काळा चष्मा आणखी आत ढकलला.

"तीस दुकानं," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक वेगळं."

"एक तर लंगडा होता म्हणे," साहेब म्हणाले.

"बघा! जाहिरात नाही, काही नाही, तरी लोक शोधत येतायत. या छटेला हात लावायचा नाही. उलट पहिल्या पानावर घ्या. नाव तेवढं बदला. 'परतीची वाट' कसं वाटतं?"

खरं सांगावं तर नोकरी जाणार आणि पोपटही. कारकून म्हणाला, "छान वाटतं."

त्या रात्री डबे अंगणात गेले, पलंग जमिनीला टेकला आणि कारकून कित्येक महिन्यांनी गाढ झोपला.

नवं कार्ड देऊन कंपनीनं त्याला दोन महिने गावोगाव फिरतीवर धाडलं. तो परतला तेव्हा दुपार टळत होती. गल्लीच्या तोंडाशीच बायको दिसली. एक दार ठोठावून ती पुढच्या दाराकडे धावत होती.

"अगं, काय झालं?"

"आई सकाळी कोपऱ्यापर्यंत गेल्या, त्या अजून आल्याच नाहीत हो!"

त्यानं मान वर केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पलीकडच्या गल्लीतही, एकूण एक दार चारशे सात होतं.