जीभ बंद, मान वर

कासियानी मावशीनं मिर्सिनीच्या दंडाला असा चिमटा काढला की हातातली ऑलिव्हची डहाळी पडता पडता राहिली.

"तोंड उघडलंस ना, तर मीच टाकीन तुला ट्रकमध्ये."

वोलोसच्या चौकात बायका जमल्या होत्या. समोर सैनिकाचा दगडी पुतळा, आणि मध्ये आडवा उभा इटालियन लेफ्टनंट. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला इटलीनं 'शरण या' म्हणून दरडावलं होतं, आणि अख्ख्या ग्रीसनं एकच शब्द तोंडावर मारला होता : ओखी. नाही! मिर्सिनीचा भाऊ त्या शब्दापायी डोंगरात लढायला गेला आणि बर्फातच राहिला. त्याला थडगंसुद्धा नाही. डहाळी ठेवायला हा पुतळाच काय तो. आता शहर इटलीच्या ताब्यात होतं, आणि आज तो शब्द कुणी उच्चारला की सरळ कैद्यांचा ट्रक.

लेफ्टनंट नुकताच तुरीनहून आलेला. चार ग्रीक वाक्यं घोटून आला होता.

"पालाबिला उचला. घरी जा. जाणार?"

मिर्सिनीच्या जिभेवर शब्द आलाच होता, तेवढ्यात मावशीनं हनुवटी वर उडवली. भुवया वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि जिभेनं बारीकसं 'च्च'. वोलोसमधलं रांगतं पोरही नको असलेला घास असाच परत पाठवतं.

"छान!" लेफ्टनंट खूश झाला. "म्हातारी समजूतदार आहे."

मिर्सिनी बघतच राहिली. मान हलली म्हणजे 'हो', असं वाटलं होतं गाढवाला!

"मावशी, मला ओरडायचंय गं."

"ओरड घरी जाऊन. धडावर मान आहे ना? ती वापर."

लेफ्टनंट मिर्सिनीसमोर आला. "आणि तू, पोरी? जाणार?"

तिनं हनुवटी अशी उडवली की डोक्यावरचा रुमाल मागं घसरला. "च्च."

"शाब्बास!"

मग मासेवाली. मग शाळेतल्या बाई. मग पाद्र्याची बायको. चौकभर पाली चुकचुकाव्यात तसं च्च, च्च, च्च. लेफ्टनंट प्रत्येकीला शाब्बासकी देत पुढं सरकत होता.

त्याच्या मागं बंदूक धरून एक शिपाई उभा होता, सिसिलीचा. त्याचे गाल लाल झाले होते आणि ओठ त्यानं दातांत धरला होता. सिसिलीचे खलाशी पूर्वी बंदरात यायचे. 'नाही' म्हणताना त्यांची मानही अशीच वर उडायची. याला सगळं कळत होतं.

लेफ्टनंट हातमोजे चढवत त्याच्याकडं वळला. "बघितलंस? गोड बोललं की ऐकतात. एकजात सगळ्या तयार. नीट कळलंय ना यांना, का परत विचारू?"

शिपायानं मिर्सिनीकडं पाहिलं. मग तिच्या हातातल्या डहाळीकडं. ती मुठीत इतकी आवळली होती की पानं चुरगळली होती.

"नीट कळलंय, साहेब," तो म्हणाला. "परत विचारलंत तरी हेच सांगतील."

लेफ्टनंट शीळ घालत कॉफी प्यायला निघून गेला. चौकातून एकही बाई हलली नाही. हलली ती फक्त मिर्सिनी, पुतळ्याच्या दिशेनं.